उतारवयातल्या मैत्रिणींची एकमेकींना साथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेल्या बायका एकत्र बसल्या की दोन विषय हटकून निघतात, दुखणी आणि घरची माणसं. या दोन्हींत मैत्रिणी एकमेकींना बरंच काही देऊ शकतात, आणि भरपूर घोळही घालू शकतात. पुढची उत्तरं दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून लिहिली आहेत. जिथे डॉक्टर किंवा वकीलच हवा, तिथे तसं सरळ म्हटलं आहे.

घरात माणसं आहेत, मग मैत्रिणी कशाला हव्यात?

कारण काही गोष्टी घरच्यांना सांगताच येत नाहीत. त्या त्यांच्याबद्दलच असतात. सुनेचं बोलणं लागलं हे मुलाला सांगितलं तर भडका उडतो. रात्री धडधडतं हे मुलीला सांगितलं तर ती रजा टाकून धावत येईल, म्हणून ते गिळलं जातं. बरोबरीच्या बाईला हे सांगता येतं, आणि तिला फार समजावूनही द्यावं लागत नाही.

ताण आला की माणूस लढतो किंवा पळतो, असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००० साली शेली टेलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली: बायका अशा वेळी पोराबाळांना जवळ घेतात आणि दुसऱ्या बायकांचा आधार शोधतात. एकटेपणाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला तो जाणवतो, आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य अशा दुखण्यांशी आहे. भरल्या घरातली बाईही या सहांतली एक असू शकते.

असा गट सुरू कसा करायचा?

मंडळ स्थापन करू नका. अध्यक्ष, सचिव, वर्गणी आली की रुसवेफुगवे येतात आणि कामाची गोष्ट मागे पडते. चार-सहा जणी पुरतात. सगळ्या एकाच वयाच्या मात्र नकोत. साठीतली एक, सत्तरीतल्या दोघी, ऐंशीची एक असं असलं तर सगळ्याजणी एकाच वेळी आजारी पडत नाहीत.

भेटीचा वार ठरवून टाका, नाहीतर "भेटू या एकदा" यातच वर्ष जातं. प्रत्येकीनं एक कागद करून दुसरीकडे द्यावा: चालू औषधं, ॲलर्जी, जुने आजार आणि ऑपरेशनं, डॉक्टरचं नाव, घरच्या दोघांचे फोन. एकटी राहणारीनं घराची जादा किल्ली एकीकडे ठेवावी. सकाळचा एक निरोपही ठरवा. नुसतं "उठले" एवढं पुरे. ठरलेल्या वेळेपर्यंत तो आला नाही तर फोन कोण करणार आणि फोन उचलला नाही तर घरी कोण जाणार, हे नाव घेऊन ठरलेलं असू द्या. "कोणीतरी बघेल" म्हटलं की कोणीच बघत नाही.

मैत्रिणीला कॅन्सर निघालाय. तिच्याशी काय बोलू?

कमी बोला. "माझ्या जावेला हेच झालं होतं" हे वाक्य ओठांवर येईल, ते तिथेच थांबवा, जाऊ बरी झाली असली तरी. "सगळं छान होणार बघ" हेही नको; ते ऐकलं की तिला स्वतःची भीती बोलायची सोय उरत नाही. आणि "तू जागरणं फार करायचीस ना" ही तर चौकशीच्या वेशातली टोचणी आहे.

"काही लागलं तर सांग" हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्य. आजारी बाईनं आधी काम शोधायचं, मग ते कोणाला जमेल याचा विचार करायचा, मग संकोच गिळून फोन करायचा. ती करत नाही. त्यापेक्षा असं विचारा: "गुरुवारी केमोला मी बरोबर येऊ, की त्या दिवशी घरी थांबून येणारे फोन घेऊ?" दोनांतून एक निवडणं थकलेल्या माणसालाही जमतं. भेटायला गेलात की आधी विचारा, "आज आजाराचं बोलायचं का दुसरंच काही?" बऱ्याचदा तिला दुसरंच काही हवं असतं.

पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरतं. तिसऱ्या महिन्यात कोणी नसतं, आणि उपचार तर चालूच असतात. म्हणून गटानं मुद्दाम पुढचे महिने वाटून घ्यावेत. उपचार संपल्यावरही लक्ष असू द्या. पुढच्या प्रत्येक तपासणीआधी तिची झोप उडालेली असते, आणि घरच्यांना मात्र वाटत असतं की प्रकरण संपलं. आजाराची बातमी आणखी कोणाला सांगायची, हे तिनंच ठरवायचं.

डॉक्टरकडे सोबत जाते, पण तिथे नेमकं करायचं काय?

हे काम नुसतं शेजारी बसण्याचं नाही. आदल्या दिवशी दोघींनी मिळून तीन प्रश्न कागदावर लिहा, सगळ्यात महत्त्वाचा वर. वेळ कमी असतो आणि बायका मुख्य तक्रार हमखास उठताना, दाराशी सांगतात. सगळी औषधं पिशवीत घालून न्या: स्वतःच्या मनानं घेतलेल्या गोळ्या, काढे, थेंब, झोपेसाठीचं काहीबाही, सगळं. चष्मा आणि श्रवणयंत्र न विसरता.

आत गेल्यावर तिच्या वतीनं बोलू नका. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर (बरोबरची बाई जरा चटपटीत असली की असं होतंच) तुम्ही तिच्याकडे बघा. डॉक्टरांची नजर आपोआप वळते. तुमचं काम टिपून घेण्याचं. नवं औषध कशासाठी, किती दिवस, जुन्यातलं कुठलं बंद करायचं, आणि कुठला त्रास झाला तर लगेच कळवायचं. ऑपरेशन सुचवलं असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: "थांबलो तर काय होईल?" शेवटी तिनं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावं. चूक समजलं असेल तर ते तिथेच कळतं. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

मधेच पाच मिनिटं बाहेर जायची तयारीही ठेवा. काही गोष्टी तिला तुमच्यासमोरही बोलायच्या नसतील.

माझी गुडघ्याची गोळी तिला लागू पडेल का?

देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या साध्या वाटणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर धोका आणखी मोठा. झोपेची गोळी उसनी देणं त्याहून वाईट, कारण उतारवयात तिनं तोल जातो आणि रात्री पडण्याची शक्यता वाढते. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो. मैत्रिणीला पाच किंवा जास्त औषधं चालू असतील तर तिला एक सुचवा: पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवून "यातलं काही कमी करता येईल का?" असं विचारायचं. स्वतःच्या मनानं बंद मात्र काही करायचं नाही.

कोणत्या त्रासाला "उद्या बघू" म्हणायचं नाही?

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोबडं किंवा विसंगत बोलणं. यातलं एकही अचानक झालं तर तो पक्षाघात समजा आणि त्रास नक्की किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या ४.५ तासांतच देता येतं, त्यामुळे ती वेळ डॉक्टर विचारणारच.

हृदयविकाराचा झटका बाईमध्ये नेहमी छाती धरून बसण्याच्या रूपात येत नाही. दम लागणं, मळमळ, जबड्यात, पाठीत किंवा दोन खांद्यांच्या मधे दुखणं, कारण नसताना गळून जाणं एवढंच असू शकतं. आपण त्याला पित्त म्हणतो आणि आडव्या होतो. मैत्रिणीनं इथे हट्टीपणा करावा, भांडण झालं तरी चालेल.

पडल्यावर एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची दाट शक्यता असते. हाताला धरून ओढून उठवू नका, काही खायला-प्यायला देऊ नका, अंगावर पांघरूण घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेलं, अगदी डागापुरतं जरी, तर तपासणी करायचीच. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं. पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ही पहिली खूण असू शकते, आणि लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते.

शिंकले की कपडे ओले होतात. हे कोणाला सांगू?

गटात सांगा. एकीनं तोंड उघडलं की बाकीच्यांतून "अगं, मलाही" येतंच. मग कळतं की कोणी पाणी पिणं सोडलंय, कोणी प्रवास सोडलाय, आणि घरच्यांना वाटतंय आईचा स्वभाव बदलला. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो त्यांचा व्यायाम असतो. आर्नॉल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८मध्ये तो मांडला. नीट शिकून रोज केला तर साधारण तीन महिन्यांत फरक पडू लागतो. अंग खाली सरकलं असेल तर आत बसवायची रिंग मिळते. प्रत्येकीला ऑपरेशनच लागतं असं नाही. वय झालं म्हणून हे सोसायचं असतं, असं जी म्हणते तिचं ऐकू नका.

एक मैत्रीण हल्ली तेच तेच विचारते. तिला सांगावं का?

आधी एक बघा: हे किती दिवसांत झालं? दोन-चार दिवसांत बोलण्यात घोळ, दिवस-रात्रीचा गोंधळ असं सुरू झालं असेल तर ते तातडीचं आहे. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा नवं औषध यांनीही असं होतं.

महिनोन्‌महिने हळूहळू वाढत असेल तरी लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नका. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणं यांनीही विसरायला होतं, आणि यांवर उपाय आहेत. म्हणून तपासणी हवी. हे सांगायचं ते एकटीला, एकीनंच, चारचौघींत नव्हे. "तू विसरतेस" असं म्हणण्यापेक्षा "परवा औषध दोनदा घेतलंस, मला काळजी वाटली. मी येते, दाखवून येऊ" असं म्हणा. घडलेला प्रसंग नाकारणं अवघड असतं. आरोप नाकारायला वेळ लागत नाही.

निदान झालंच तर तिला गटातून गळू देऊ नका. तीच गोष्ट पाचव्यांदा ऐकायला मैत्रिणीला दहा मिनिटं लागतात. घरचे ती दिवसभर ऐकत असतात.

नवऱ्याच्या आजारपणात ती पार बुडाली आहे. बोलावलं तरी येत नाही.

बोलावणं बंद करा, तुम्ही जा. "मंगळवारी चार ते सहा मी भाऊंपाशी बसते, तू बाहेर पड" असं ठरवा आणि तो मंगळवार मोडू नका. कधीतरी केलेल्या मोठ्या मदतीपेक्षा ठरलेले दोन तास तिला जास्त उपयोगी पडतात, कारण त्या भरवशावर तिला आठवडा आखता येतो. त्या वेळात तिनं काय करायचं हे विचारू नका. झोपली तरी चालेल.

सेवा करणारी बाई स्वतःच्या तपासण्या आणि डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलत राहते. त्यावर नजर ठेवा. तिची पाठही सांभाळायला हवी. माणूस उचलण्याची, कुशीवर वळवण्याची पद्धत नर्सकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकता येते. कधी ती चिडून म्हणेल, "सुटले तर बरं." ते ऐकून घ्या आणि दचकू नका. नवरा समोर आहे पण ओळखत नाही, अशा अवस्थेतलं दुःख विचित्र असतं. माणूस गेलेलाही नाही आणि राहिलेलाही नाही. "स्वतःचं किंवा त्यांचं काही बरंवाईट करावंसं वाटतं" असं बोलणं आलं तर मात्र ते घरच्या एका विश्वासू माणसाला आणि डॉक्टरांना सांगावंच लागतं.

तिचा नवरा जाऊन वर्ष होत आलं, अजून सावरत नाही.

वर्ष म्हणजे काही फार नाही. विचारायचं ते असं की दिवसांत फरक पडतोय का? चार वाईट दिवसांनंतर एखादा बरा जातो का? आंघोळ, झोप, बोलणं, एखादं काम यांतलं काहीच परत येत नसेल आणि ओढ पहिल्या आठवड्याइतकीच तीव्र असेल, तर तिला समुपदेशकाची गरज आहे. रेंगाळलेल्या दुःखाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही आता जागा आहे, किमान सहा महिन्यांची अट घालून.

सुरुवातीच्या दिवसांत शरीराकडेही बघा. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता लुळा पडतो, असा विकार जपानी डॉक्टरांनी १९९०मध्ये वर्णन केला. तो बहुतांशी पाळी गेलेल्या बायकांनाच होतो आणि त्याची लक्षणं थेट हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. तेव्हा "रडून रडून छाती दुखतेय" असं म्हणून तिला झोपवू नका, दवाखान्यात न्या.

तिच्या नवऱ्याचं नाव घेत जा. लोक तिला त्रास नको म्हणून टाळतात, आणि तिला वाटतं सगळे विसरले.

मुलगा-सुनेशी तिचं बिनसलंय. आम्ही कोणाची बाजू घ्यायची?

कोणाचीच नाही, तिचीसुद्धा नाही. आज तुम्ही सुनेला नावं ठेवाल, उद्या त्यांचा समेट होईल आणि अवघडून बसाल तुम्ही. तिचं ऐका, आणि ती थांबली की विचारा, "तुला आत्ता काय व्हायला हवंय?" बहुतेकदा मागणं लहान असतं. मुलानं रविवारी फोन करावा, खोलीत येताना दार वाजवावं. त्यातलं एकच मागणं निवडून ते कसं बोलायचं याची तुमच्यासमोर तालीम करू द्या. सगळे हिशेब एका बैठकीत मांडायला गेलं की फिसकटतं.

झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६मध्ये १४ आज्यांना शिकवून तयार केलं. आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून माणसांचं ऐकतात, अनेक अडचणींतली एक निवडायला लावतात आणि तिच्यावरचं पुढचं पाऊल त्याच माणसाला शोधू देतात. २०१६मध्ये त्यावरची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी या माणसांचं नैराश्य आणि चिंता नेहमीच्या उपचारांवरच्या गटापेक्षा कमी होती. त्या आज्यांना रीतसर शिक्षण होतं आणि पाठीशी डॉक्टर होते, हे विसरू नका. पण एका वेळी एकच अडचण, हा नेम कोणत्याही गटाला उचलता येतो.

नातवंडांना सांभाळून दमते, पण नाही म्हणवत नाही.

नाही म्हणू नका, वेळ बांधून घ्या. "सोमवार ते बुधवार, दुपारी दोनपर्यंत" हे नकार नसून वेळापत्रक आहे, आणि मुलांना ते पचतं. ठरलेल्या वेळेला मैत्रिणीकडे जायचंच असेल तर उठणं सोपं जातं. गटाचा वार त्यासाठी बिनदिक्कत वापरा.

घरात तिला मारतात किंवा तिचे पैसे काढून घेतात, असा संशय आहे.

हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या दर सहांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारे छळ सोसावा लागतो. अंगावरचे वळ, फोन कायम दुसऱ्याच्या हातात, बँकेचं कार्ड "मुलाकडे असतं", भेटीत कोणीतरी सतत शेजारी, या खुणा.

तिला एकटीला गाठा आणि सरळ विचारा. नाही म्हणाली तरी पुन्हा कधीतरी विचारा. घरच्यांना जाब विचारायला जाऊ नका. तुम्ही गेल्यावर तिला तिथेच राहायचं असतं. तारखांसह टिपून ठेवा, तिची महत्त्वाची कागदपत्रं किंवा त्यांच्या प्रती सांभाळायची तयारी दाखवा, आणि ज्येष्ठांसाठीची किंवा महिलांसाठीची मदतवाहिनी, वकील, पोलीस यांच्यापर्यंत तिच्या संमतीनं पोहोचा. जीवाला धोका दिसत असेल तर संमतीची वाट बघू नका. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मृत्युपत्रावर सही करायची नाही, हे सगळ्याच जणींनी एकमेकींना बजावून ठेवावं.

मैत्रिणीला पैसे उसने द्यावेत का?

बुडाले तरी मैत्री टिकेल इतकेच.

एक जण प्रत्येक भेटीत तेच रडगाणं गाते. बाकीच्या आता यायच्या बंद झाल्यात.

तिला दोष देण्याआधी बघा की तिला दुसरीकडे कुठे बोलायला मिळतं का. मिळत नसेल तर एकीनं भेटीबाहेर तिला वेळ द्यावा आणि भेटीत प्रत्येकीला दहा मिनिटं असा नियम सगळ्यांनाच लावावा. शिवाय दोन प्रश्न विचारा: गेले दोन आठवडे मन बहुतेक वेळ उदास होतं का, आणि आवडायचं त्यातलं काही करावंसं वाटेनासं झालंय का? एकाचंही उत्तर हो असेल तर ते नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवायला हवं. एवढं करूनही तुम्ही थकलात तर एखादी भेट चुकवा. मैत्रीण म्हणजे विनापगारी समुपदेशक नव्हे.

व्हॉट्सॲपवर आलेला उपाय करून बघावा का?

"डॉक्टर हे सांगणार नाहीत" असं ज्यात लिहिलंय तो नाही. बाकीचेही डॉक्टरांना विचारूनच. आणि कॅन्सरवरचे उपाय आजारी मैत्रिणीला पाठवणं तर आजच थांबवा.

गटातली गोष्ट बाहेर फुटली. आता?

कोणी फोडली याचा तपास करत बसलात तर गट मोडेल. जिची गोष्ट होती तिची सगळ्यांसमोर माफी मागा आणि पुढचा नियम ठरवा: इथलं नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. बहुतेक गोष्टी तिथूनच फुटतात.

मला मदत करायला आवडते, मागायला जमत नाही.

मग तुमच्या मैत्रिणी तुमच्या ओझ्याखाली आहेत, हे लक्षात घ्या. घेणाऱ्या बाईलाही कधीतरी द्यायचं असतं. लहान मागा, बल्ब बदलायला खुर्ची धरण्याइतकं लहान. मोठं मागायची वेळ येईल तेव्हा तोंडाला सवय झालेली असेल.

जिवाभावाची मैत्रीण दूर राहते. तिला काय उपयोग माझा?

बराच. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो. वजन उतरलंय, खोलीत पसारा वाढलाय हेही दिसतं. ठरलेल्या वेळी फोन करा, आणि औषधाच्या वेळेचा फोन असेल तर उत्तमच. तिच्या शेजारणीचा नंबर आत्ताच घ्या, अडचण आल्यावर तो शोधत बसता येत नाही. शेजारणीलाही तुमचा नंबर आणि नाव माहीत असू द्या, नाहीतर रात्री अनोळखी फोन ती उचलणार नाही. तिचा पत्ता खाणाखुणांसकट पूर्ण लिहून फोनजवळ ठेवा, म्हणजे इतक्या लांबून रुग्णवाहिकेला सांगायची वेळ आली तर तो अडखळत सांगावा लागणार नाही.